विमान, सह्याद्री आणि तेहतीस मिलिसेकंद

होस्टेलमध्ये ज्याच्या पीसीवर फ्लाइट सिम्युलेटर आहे, त्याच्या खोलीत दोन डायलॉग हमखास ऐकू येतात. आधी "काय सीनरी आहे यार!" आणि पाच मिनिटांनी "अरे, हँग झालं की काय?" यावर बहुतेकांचं एकच औषध असतं, महागडं ग्राफिक्स कार्ड. मला हे पटत नाही. घरी कार्डासाठी फोन लावण्याआधी आपल्या मशीनचा वेळ नेमका कुठे जातो ते बघावं. खूपदा आहे त्याच मशीनवर डोंगर नीट दिसतात आणि विमानही न अडखळता उडतं.

आधी थोडं गणित. स्क्रीनवर सेकंदाला ३० चित्रं दाखवायची तर एका चित्राला, म्हणजे फ्रेमला, ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० दाखवायची तर १६.७. एवढ्या वेळात विमानावरचे फोर्सेस काढायचे, कुठला डोंगर आणि कुठली बिल्डिंग नजरेच्या टप्प्यात आहे ते ठरवायचं, त्याची यादी ग्राफिक्स कार्डाला द्यायची आणि कार्डाने ते रंगवायचं. आपण सगळे एफपीएसचा आकडा बघतो, पण तो असतो सरासरी, आणि सरासरी किती फसवी असते हे रिझल्ट लागल्यावर कुणाला सांगायला नको! समजा एका सेकंदात ४५ फ्रेम्स आल्या. त्यातल्या ४४ प्रत्येकी १८ मिलिसेकंदांत आल्या आणि एकीलाच २०८ लागले. आकडा ४५ दिसेल, पण डोळ्याला जाणवेल तो फक्त तो एक झटका. त्यापेक्षा ठरावीक ३० कितीतरी सुखाचे.

म्हणून बरेच अनुभवी लोक फ्रेम रेट मुद्दाम ३० वर लॉक करतात. नवख्या माणसाला हा वेडेपणा वाटतो, पण कारण साधं आहे. नेहमीचा ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. ३० वर लॉक केलं की प्रत्येक फ्रेम बरोबर दोन वेळा दिसते, एकसारखी. तेच व्ही-सिंक चालू ठेवून ४० आले, तर काही फ्रेम्स एकदा दिसतात आणि काही दोनदा. आकडा मोठा, पण चाल लंगडी.

हे फक्त डोळ्यांच्या लाडाचं प्रकरण नाही बरं का. लँडिंगच्या वेळी पायलट म्हणजे एक क्लोज्ड लूप कंट्रोलर असतो. रनवे दिसतो, नाक किती वर आहे ते कळतं, हात जॉयस्टिक थोडी ओढतो, परिणाम दिसतो, हात पुन्हा दुरुस्ती करतो. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण लिहितोच, की लूपमध्ये डिले वाढला की फेज मार्जिन कमी होतं आणि सिस्टिम डोलायला लागते. इथेही तेच. चित्र उशिरा आलं की हात जास्त ओढतो, नाक जास्त वर जातं, मग घाबरून खाली ढकलायचं, आणि विमान रनवेवर बेडकासारख्या उड्या मारतं. एअरलायनर १४० नॉट्सने येत असेल तर सेकंदाला ७२ मीटर जातं, म्हणजे त्या २०८ मिलिसेकंदांच्या झटक्यात १५ मीटर. चित्र थांबतं, विमान थांबत नाही. ज्याला खरंच लँडिंग शिकायचंय, त्याने रनवेजवळच्या झाडांपेक्षा इथे लक्ष द्यावं.

आता वेळ जातो कुठे? आपल्या मेसचं उदाहरण घ्या. पोळ्या लाटणारी मावशी एकच आणि भाजायला चार तवे. पाचवा तवा आणून पोळ्या वाढतील का? लाटणारी मावशी म्हणजे प्रोसेसर आणि तवे म्हणजे ग्राफिक्स कार्ड. सिम्युलेटरमध्ये बरंचसं काम एकाच मुख्य थ्रेडवर, एकापाठोपाठ एक असं होतं. २००६ साली आलेला मायक्रोसॉफ्टचा एफएसएक्स याच कारणाने बदनाम झाला. तो मुख्यतः एका कोरवर अवलंबून होता, आणि पुढच्या काळात प्रोसेसरचा वेग तितकासा वाढला नाही, कोरच वाढत गेले. त्यामुळे पुढे कित्येक वर्षं नवीन मशीनवरसुद्धा एफएसएक्स मोठ्या शहरांवर रडायचा.

आपली अडचण लाटण्याची आहे की भाजण्याची, हे ओळखायची फुकटची टेस्ट आहे. रेझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० करा. पिक्सेल्स सुमारे २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर येतात, म्हणजे कार्डाचं काम निम्म्याहून कमी. तरीही एफपीएस हलला नाही, तर दोष कार्डाचा नाही, मावशी दमलीये. अशा वेळी नवीन कार्ड घेणं म्हणजे पाचवा तवा. त्याऐवजी ट्रॅफिक कमी करा आणि दूरवर किती डिटेल काढायचं ते ठरवणारा लेव्हल ऑफ डिटेलचा स्लायडर खाली आणा. इथे वर्गाचा नियम लागतो. डिटेलचा पल्ला दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि त्यातली झाडं-घरंही साधारण त्याच प्रमाणात वाढतात. उलट, रेझोल्यूशन उतरवल्यावर एफपीएस एकदम वाढला, तर भार कार्डावर आहे. मग ढग आणि सावल्या एक पायरी उतरवा. व्हॉल्युमेट्रिक ढग दिसतात झकास, पण कार्डाला घाम फोडतात.

टेक्श्चर्सची गोष्ट वेगळी. ती कार्डाच्या मेमरीत मावली तर फारसा त्रास नाही, न मावली तर मात्र सारखी ने-आण सुरू होते आणि झटके बसतात. टेक्श्चर एक पायरी खाली आणलं की लांबी-रुंदी दोन्ही निम्मी, म्हणून मेमरी चौथाई. कमी मेमरीच्या लॅपटॉपवर मी सगळ्यात आधी हेच करीन.

आता माझा आवडता विषय, सह्याद्री! जुन्या सिम्युलेटर्समध्ये आपले कडे उशीसारखे गोल का दिसायचे? फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने ११ दिवस रडारने पृथ्वीची उंची मोजली. अमेरिकेबाहेरची ही माहिती सुरुवातीला साधारण ९० मीटरच्या जाळीवर मिळत होती आणि २०१४ पासून ३० मीटरची खुली होत गेली. ९० मीटरच्या जाळीत शेजारच्या दोन बिंदूंमध्ये कडा आला की त्याचा उतार होतो. घाटमाथ्याची सगळी शान त्या सरळ तुटलेल्या कड्यांत, आणि नेमकी तीच जाते. पण जाळी कितीही बारीक केली तरी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा नुसत्या उंचीच्या नकाशातून मिळायचा नाही. अशा नकाशात एका जागेला एकच उंची असते, आणि कोकणकडा तर आत वळलेला आहे. वर कातळ, खाली हवा. एका एक्सला दोन वाय. फंक्शनच नाही ते!

२०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरने वेगळाच रस्ता घेतला. दोन पेटाबाइट्सहून जास्त माहिती सर्व्हरवर ठेवायची आणि उडता उडता हवी तेवढी नेटवरून आणायची. २०२४ च्या आवृत्तीत तर आणखी जास्त भाग नेटवरून येतो. त्यामुळे होस्टेलचं वाय-फाय हाही आता इंजिनाचा एक पार्ट झालाय. रात्री दहाला सगळी विंग पिक्चर बघत असते, तेव्हा फोटोंवरून बनवलेल्या शहरांतल्या इमारती वितळलेल्या मेणबत्त्यांसारख्या दिसतात. तिथे सेटिंग्ज बदलून काही होत नाही. पहाटे उडा, किंवा रोलिंग कॅशे मोठा ठेवून तोच रूट पुन्हा घ्या. २०२० च्या आवृत्तीत एकदा आलेली सीनरी मग डिस्कवरूनच येते.

सुरुवातीला जुहू ते पुणे करून बघा, सेसना १७२ घेऊन. (१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते याच जुहूला.) सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पाऊण तासाच्या आत पोचता. मुंबईवर मुख्य थ्रेड दमतो, म्हणून तिथे ट्रॅफिक शून्य आणि डिटेलचा पल्ला कमी. पनवेल मागे पडलं की पल्ला वाढवा, कारण आता घरं कमी आणि बघायचं ते लांबचं. डाव्या हाताला माथेरान, पुढे उजव्या हाताला खंडाळ्याचा घाट आणि नंतर लोहगड. जाळी ३० मीटरची असेल तर विंचूकाट्याची चिंचोळी सोंड ओळखू येते. लोहगाव दिसायच्या आधी पल्ला परत खाली आणा आणि फ्रेम रेट ३० वर टिकतोय ना ते बघा. शिवाय तिथला रनवेच समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर आहे. अल्टिमीटर २५०० दाखवतोय म्हणून निवांत बसू नका, जमीन फक्त सहाशे फूट खाली आहे.