जुन्या मोटारींमधील इंधन अंतःक्षेपण रूपांतर

जुन्या मोटारींमधील इंधन अंतःक्षेपण रूपांतर म्हणजे मूळ कार्ब्युरेटर काढून त्याच्या जागी बाजारात स्वतंत्रपणे मिळणारी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन प्रणाली बसविण्याची प्रक्रिया होय. थंड इंजिन सहज सुरू व्हावे, हवामान व उंचीनुसार मिश्रण आपोआप बदलावे आणि उन्हाळ्यात इंधनवाहिनीत वाफ अडकून गाडी बंद पडू नये, हे या रूपांतराचे मुख्य हेतू असतात. या बदलामुळे इंधनाचा दाब सुमारे दहापट वाढतो व विद्युत यंत्रणेवर नवा भार येतो. त्यामुळे सदोष जोडणीचे परिणाम इंजिन अडखळण्यापासून आग लागण्यापर्यंत होऊ शकतात.

पार्श्वभूमी

कार्ब्युरेटरमध्ये आत जाणाऱ्या हवेच्या वेगामुळे दाब कमी होतो व पेट्रोल आपोआप ओढले जाते. ही रचना साधी असली तरी तिचे प्रमाण जेटच्या छिद्रांनी ठरलेले असते. समुद्रसपाटीला जुळविलेली गाडी सुमारे १,६०० मीटर उंचीवरील डेन्व्हरसारख्या शहरात नेल्यास विरळ हवेमुळे तिचे मिश्रण आवश्यकतेपेक्षा 'रिच', म्हणजे इंधनाचा अंश जास्त असलेले, होते.

मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल (१९५४) या मोटारीत यांत्रिक अंतःक्षेपण होते. बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाड्यांत आली. २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्ट हा स्वतः जुळवणी करण्याजोगा नियंत्रक उपलब्ध झाला. त्यानंतर चालताना स्वतःच मिश्रण शिकणाऱ्या तयार प्रणाली बाजारात आल्या.

प्रकार व कार्यपद्धती

थ्रॉटल बॉडी प्रकारात इंजेक्टर कार्ब्युरेटरच्याच जागी बसणाऱ्या एका भागात असतात, त्यामुळे मूळ मॅनिफोल्ड कायम राहतो. पोर्ट प्रकारात प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी वेगळा इंजेक्टर असतो. यात इंधनवाटप अधिक समान होते, परंतु मॅनिफोल्ड बदलावा लागतो.

दोन्ही प्रकारांत ईसीयू हा नियंत्रक इंजिनचे फेरे, मॅनिफोल्डमधील दाब, थ्रॉटलची स्थिती आणि हवा व शीतक यांचे तापमान वाचून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. एक्झॉस्टमधील वाइडबँड ऑक्सिजन संवेदक प्रत्यक्ष परिणाम कळवतो व त्यानुसार दुरुस्ती होते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग इंधन लागते. इथेनॉलसाठी हेच प्रमाण सुमारे ९ ला १ असल्याने इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर इंधन वाढवावे लागते. ही वाढ संवेदकामुळे आपोआप होते.

बसविण्याचे टप्पे

इंधन यंत्रणा

१९६०च्या दशकातील फोर्ड मस्टँगसारख्या गाडीत इंजिनवर बसविलेला यांत्रिक पंप साधारण ०.३ ते ०.५ बार दाब देतो. अंतःक्षेपणाला बहुधा ३ ते ४ बार दाब लागतो, म्हणून विद्युत पंप आवश्यक ठरतो. तो टाकीच्या आत असल्यास पेट्रोलमुळे थंड राहतो. बाहेर बसविल्यास तो टाकीजवळ व तिच्या तळाच्या पातळीवर हवा. असे पंप इंधन पुढे ढकलण्यात सक्षम असले तरी वर ओढण्यात दुबळे असतात. पंपाच्या आधी जाड व नंतर सुमारे १० मायक्रॉनचा बारीक फिल्टर लावतात. जास्तीचे पेट्रोल परत नेणारी नळी टाकीपर्यंत न्यावी लागते, कारण अशा बहुतेक गाड्यांत ती मुळात नसते. कार्ब्युरेटरसाठीच्या रबरी नळ्या या दाबाला टिकत नाहीत. अंतःक्षेपणासाठी प्रमाणित नळ्या व योग्य क्लॅम्पच वापरावे लागतात.

विद्युत जोडणी

ईसीयूचा मुख्य पुरवठा व अर्थ थेट बॅटरीला जोडतात. १९६७ पर्यंतच्या एमजीबीसारख्या काही ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. अशा गाडीची ध्रुवता आधी बदलावी लागते. डायनॅमो मंद गतीला अत्यल्प वीज देतो, त्यामुळे त्याऐवजी अल्टरनेटर बसविणे इष्ट ठरते. पंपाला स्वतंत्र फ्यूज व रिले असावा. इंजिन फिरत नसल्यास ईसीयू पंप बंद करतो. पंप थेट इग्निशनला जोडल्यास हे संरक्षण नाहीसे होते व अपघातात फुटलेल्या नळीतून पेट्रोल वाहत राहते.

ऑक्सिजन संवेदक

संवेदक एक्झॉस्टच्या नळ्या एकत्र येतात त्याच्या पुढे, किंचित वरच्या बाजूला कललेला बसवितात, म्हणजे साचलेले पाणी त्यात शिरत नाही. शिसेयुक्त इंधन व काही सिलिकॉन सीलंट यांमुळे तो निकामी होतो.

दोषनिदान

अनेक दोषांचे मूळ नव्या प्रणालीत नसून जुन्या गाडीच्या तारा, इग्निशन किंवा एक्झॉस्टमध्ये असते. त्यामुळे संगणकातील आकडे बदलण्यापूर्वी इंधनाचा दाब, विद्युतदाब व इग्निशन तपासण्याची पद्धत आहे.

* सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते पण सुरू होत नाही: अनेक जुन्या स्विचांत ॲक्सेसरीचा पुरवठा सेल्फ मारताना तुटतो आणि त्याच क्षणी ईसीयू बंद पडतो. 'चालू' व 'स्टार्ट' या दोन्ही स्थितींत १२ व्होल्ट देणारी तार शोधावी लागते. मस्टँगमध्ये कॉइलकडे जाणारी तार रोधक असल्याने तिच्यावर विद्युतदाब कमी असतो. तिथून पुरवठा घेणे ही नेहमीची चूक आहे.
* फेऱ्यांचा आकडा उड्या मारतो: स्पार्क प्लगच्या धातूगाभ्याच्या तारांमुळे विद्युत गोंगाट होतो. रोधक तारा लावणे व संवेदकांच्या तारा कॉइलपासून दूर नेणे हा उपाय आहे. कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन असल्यास फेऱ्यांचा संकेत कॉइलच्या ऋण टोकावरून घेत नाहीत, कारण तेथील उच्च दाबाने ईसीयू जळू शकतो.
* ईसीयू 'लीन' दाखवतो, पण प्लग काळे पडतात: संवेदकाच्या आधी एक्झॉस्ट गळत असल्यास बाहेरची हवा आत शिरते. ईसीयू तिला इंधनाची कमतरता समजून पेट्रोल वाढवत राहतो. मिसफायरमध्येही न जळलेला ऑक्सिजन असाच दिशाभूल करतो.
* गरम झाल्यावरही मिश्रण रिच राहते: थर्मोस्टॅट काढून टाकला असल्यास शीतक पुरेसा तापत नाही व ईसीयू थंड इंजिनाचे इंधन देत राहतो.
* आयडलिंग जास्त राहते: मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा निर्वात नळीतून हवेची गळती संभवते.
* लांब प्रवासानंतर दाब घसरतो: बाहेरील पंप तापणे, फिल्टर तुंबणे किंवा टाकीतील गंज ही कारणे असतात.

गळती तपासणी

इंजिन सुरू करण्यापूर्वी पंप काही वेळा चालवून प्रत्येक सांधा कोरड्या कापडाने तपासला जातो. यावेळी अग्निशामक जवळ ठेवणे आवश्यक मानले जाते. पहिल्या प्रवासानंतर, इंजिन गरम असताना, हीच तपासणी पुन्हा केली जाते.

मौलिकता व कायदा

रूपांतरामुळे गाडी रोजच्या वापराला सोयीची होते, मात्र तिचे ऐतिहासिक मूल्य घटू शकते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा ठरेल असा बदल करण्यावर निर्बंध आहेत. २०२१ मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार, ५० वर्षांपेक्षा जुने व मूळ स्वरूपात जतन केलेले वाहनच 'व्हिंटेज' नोंदणीस पात्र ठरते. त्यामुळे अनेक संग्राहक बॉडीला नवी छिद्रे न पाडता प्रणाली बसवितात आणि मूळ कार्ब्युरेटर, पंप व नळ्या जपून ठेवतात, जेणेकरून गाडी पूर्ववत करता येईल. साधी, नीट जुळविलेली व कमी वापराची गाडी असल्यास मूळ कार्ब्युरेटरची दुरुस्ती हाच स्वस्त व पुरेसा पर्याय ठरतो.