डेबियन: लेखी वचनावर उभी राहिलेली प्रणाली

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी एका नव्या संगणक प्रणालीची घोषणा केली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा दोन वर्षांपूर्वीच खुला केला होता. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातून त्यावर चालणारी अवजारेही मिळत होती. पण हे सुटे भाग नीट जुळवून, तपासून लोकांच्या हाती देण्याचे काम घाईगर्दीने आणि सदोष होत होते. हे काम उघड्यावर, अनेकांनी मिळून करावे, असे मर्डॉक यांचे म्हणणे होते. प्रेयसी डेब्रा आणि स्वतः इयन अशी दोन नावे जोडून त्यांनी प्रणालीला ‘डेबियन’ म्हटले. मर्डॉक २०१५ साली गेले. त्यांचा प्रकल्प आजही चालू आहे, आणि तो कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही.

डेबियन टिकली ती तिने वापरणाऱ्याला लेखी वचन दिले आणि ते पाळले म्हणून, असे मला वाटते. १९९७ साली ब्रूस पेरेन्स प्रकल्पाचे नेते असताना ‘सामाजिक करार’ मंजूर झाला. प्रणाली कायम मुक्त राहील, केलेल्या सुधारणा सगळ्यांना परत दिल्या जातील, दोष लपवले जाणार नाहीत आणि वापरणाऱ्यांचे हित आधी पाहिले जाईल, अशी त्यातली कलमे आहेत. मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचे याचे निकषही त्यासोबत आले. पुढच्याच वर्षी जगभर रूढ झालेली ‘ओपन सोर्स’ची व्याख्या याच निकषांवरून बेतली गेली. दोष न लपवण्याचे कलम तर शब्दशः पाळले जाते. डेबियनमधल्या चुकांची नोंदवही सर्वांना खुली आहे. कुठला दोष किती वर्षे पडून आहे, हे कोणीही पाहू शकते.

प्रकल्पाला १९९८ पासून स्वतःची घटना आहे. मतदानाचा हक्क असलेले सुमारे हजार विकासक दरवर्षी पसंतीक्रमाच्या मतदानाने नेता निवडतात. पण प्रकल्पाचे काम केलेच पाहिजे असे बंधन घटनेने कोणावरही घातलेले नाही. जो तो स्वेच्छेने आपापली पॅकेजेस सांभाळतो. पॅकेज म्हणजे एकेक सॉफ्टवेअर, ते बसवण्याच्या आणि काढण्याच्या सूचनांसह. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘ट्रिक्सी’ या तेराव्या आवृत्तीत अशी सुमारे ७० हजार पॅकेजेस आहेत.

आवृत्त्यांची नावे ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या पात्रांवरून घेतात, कारण ही प्रथा पडली तेव्हा पेरेन्स पिक्सारमध्ये काम करत. त्या चित्रपटात खेळणी मोडणारा पोरगा आहे सिड. त्याचे नाव कायमचे अस्थिर शाखेला दिले आहे. प्रत्येक नवे पॅकेज आधी सिडमध्ये येते. काही दिवसांत गंभीर दोष आढळला नाही, तर ते चाचणी शाखेत जाते. साधारण दोन वर्षांनी त्या शाखेत नवे बदल घेणे थांबवतात, अडकलेले दोष निपटतात आणि स्थिर आवृत्ती बाहेर पडते. पुढे पाच वर्षे तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, त्यांतली शेवटची दोन दीर्घकालीन आधाराची. त्यामुळे स्थिर डेबियनमधली सॉफ्टवेअर थोडी जुनी असतात, पण रात्रीत काही बदलून सकाळी यंत्र अनोळखी वाटावे, असे तिथे होत नाही.

ही शिस्त एका बाजूला. दुसऱ्या बाजूला वापरणाऱ्याला मोकळीक भरपूर आहे. इन्स्टॉलर उघडल्यावर भाषांच्या यादीत मराठी दिसते. पुढे डेस्कटॉप निवडायला मिळतो: ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन, मॅटे, एलएक्सक्यूटी. जुन्या लॅपटॉपला हलका एक्सएफसीई सोसतो. बारीकसारीक गोष्ट आपल्या मनासारखी करायची असेल, तर प्लाझ्मासारखा डेस्कटॉप नाही. खालची पट्टी डावीकडे उभी करता येते, खिडक्यांच्या कडा काढून टाकता येतात, हव्या त्या कळीला हवे ते काम देता येते. यातल्या बहुतेक निवडी वापरणाऱ्याच्या घर-फोल्डरमध्ये, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायलींत साध्या मजकुरात साठतात. तो फोल्डर नव्या यंत्रावर नेला की आपली घडी बरीचशी जशीच्या तशी सोबत येते.

मराठी लिहिणाऱ्याला या मोकळिकीचा खरा उपयोग अक्षरांपाशी कळतो. मी कॅप्स लॉकची कळ मराठी-इंग्रजी अदलाबदलीला लावली आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये त्यासाठी एक खूण करावी लागते, एवढेच. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत इंग्रजी ‘जे’च्या कळीवर र आहे आणि शिफ्टसह तीच कळ ऱ देते. त्यापुढे हलन्त आणि य दिला की ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य बरोबर उमटतो. साधा र घेतला तर तिथे रफार चढतो आणि ‘आचार्य’सारखा र्य तयार होतो. मराठीला हे दोन्ही लागतात.

ल आणि श यांचे तसेच आहे. मराठीत पाकळीचा ल आणि शेंडीफोड्या श रूढ आहेत, आणि शासनाच्या वर्णमालाविषयक निर्णयातही हीच रूपे आहेत. हिंदीच्या वळणाची रूपे वेगळी. काही देवनागरी फॉन्टांत दोन्ही रूपे असतात. मजकूर मराठी आहे एवढे कळले, की असा फॉन्ट मराठी रूप दाखवतो. म्हणून लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदीवरून मराठी केली की पानभरातले ल एकदम वळण बदलतात. संपूर्ण प्रणालीत मराठीसाठी ठरावीक फॉन्टच हवा असेल, तर फॉन्ट निवडून देणाऱ्या फॉन्टकॉन्फिगच्या फायलीत चार-सहा ओळी लिहाव्या लागतात: भाषा मराठी असेल तर आधी हा फॉन्ट घे, मग तो. ज्याला लिपीची चाड आहे, त्याने ही फायल एकदा स्वतः लिहून पाहावी.

अडचणीही आहेत. काही वायफाय चिपा आणि बोटाचा ठसा ओळखणारी उपकरणे लिनक्सवर त्रास देतात. बरेच हार्डवेअर बंदिस्त फर्मवेअरशिवाय चालत नाही, आणि ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यावे का यावर डेबियनमध्ये वर्षानुवर्षे वाद झाला. २०२२ साली मतदान घेऊन, करारात तशी दुरुस्ती करून, ते घेण्याचे ठरले. फोटोशॉपची लिनक्स आवृत्ती नाही. युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेला जुना मराठी मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. हे सगळे ठाऊक असूनही मी डेबियनच सुचवतो, कारण इथे अडचणीचे कारण शोधता येते आणि दुरुस्तीही करता येते.

डेबियनचा पसारा तिच्या नावापेक्षा खूप मोठा आहे. २००४ साली आलेली उबंटू डेबियनवर उभी आहे, लिनक्स मिंट उबंटूवर. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची प्रणाली डेबियनचीच, आणि सी-डॅकने भारतीय भाषांसाठी घडवलेली ‘बॉस’ही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या लॅपटॉपांसाठी २०१३ साली डेबियन निवडली गेली. प्रकल्पाची वार्षिक परिषद भारतात पहिल्यांदा २०२३ साली, कोचीत भरली.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि धडधाकट असूनही पुढच्या आवृत्तीला न चालणारी यंत्रे घरोघरी पडून आहेत. तुमच्याकडे असा ६४ बिटचा लॅपटॉप असेल, तर तो भंगारात काढू नका. पेन ड्राइव्हवरून डेबियनची लाइव्ह आवृत्ती सुरू करा. आतल्या डिस्कला हात न लावता सगळे तपासता येते. पटले तर आधी जुन्या फायलींची प्रत काढून ठेवा आणि मग डेबियन बसवा. पुढे कुठे मराठी शब्द चुकलेला किंवा अनुवाद राहिलेला दिसला, तर खुल्या नोंदवहीत तशी नोंद करा. हे काम करणाऱ्या मराठी माणसांची डेबियनला फार गरज आहे.