मनाचं माप घेणारा काटा खरा आहे का?



आडतीवर सोयाबीनचं पोतं चढवण्याआधी आपण बघतो, काटा शून्यावर आहे का. उदासपणाचं माप घेणाऱ्या प्रश्नावलीचंही तसंच बघावं लागतं.

तिचं नाव पीएचक्यू-९. २००१ साली अमेरिकेत तिची पडताळणी प्रसिद्ध झाली. प्रश्न नऊ: मन न लागणं, उदासी, झोप, थकवा, भूक, स्वतःला दोष देणं, लक्ष न लागणं, मंदपणा किंवा बेचैनी, आणि मरणाचे विचार. गेल्या दोन आठवड्यांत हे किती दिवस झालं? कधीच नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज २७ पर्यंत जाते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून बरंच जास्त, २० पासून तीव्र.

हा काटा तपासतात कसा? ओळखीचं वजन ठेवून. म्हणजे जाणकारानं सविस्तर मुलाखत घ्यायची आणि बेरीज तिच्याशी जुळते का बघायचं. गोव्यात आरोग्य केंद्रांत आलेल्या रुग्णांवर अशा पाच छोट्या प्रश्नावल्या ताडून पाहिल्या. तो अभ्यास २००८ साली छापून आला. पण आजार आहे का, हे कळणं एक आणि तो किती जड आहे, हे कळणं दुसरं. त्यासाठी आणखी दोन गोष्टी बघतात. तेच पोतं पुन्हा ठेवलं तर वजन तेच येतं का? आणि पोत्यातून दोन पायल्या काढल्या तर काटा खाली येतो का? म्हणजे बाई बरी होत गेली की बेरीजही उतरायला हवी.

काटा चांगला असला तरी धरणारा हात चुकतो. आमचाही चुकला. गटातल्या एका ताईला आम्ही ओसरीवर, सासूबाईंसमोर प्रश्न विचारले. बेरीज आली ४. आठवड्यानं बांधावर दोघीच बसल्यावर तेच प्रश्न विचारले, तर आली १६. नवव्या प्रश्नाला ती खाली बघून म्हणाली, "काही दिवस." आम्ही त्याच दिवशी तिच्यासोबत दवाखान्यात गेलो. आता उपचार चालू आहेत, बेरीज ८ वर आली आहे. तिच्या परवानगीनंच हे सांगतोय.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. प्रश्न एकांतात विचारा. "उदास" शब्द कळला नाही तर "कशात जीव रमत नाही का" असं विचारा. रक्त कमी असलं, थायरॉईड बिघडलं तरी थकवा येतो, तेव्हा तीही तपासणी करून घ्या. आणि बेरीज बैठकीत वाचून दाखवू नका. आजार आहे की नाही, ते डॉक्टरच ठरवतील.

नवव्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही उत्तर आलं, तर बेरीज कितीही कमी असो, तिला एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लावा. फोन मोफत आहे आणि रात्रीही लागतो. हा नंबर आजच गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.