टीपकागदावरचं इंजिन

तेल काळं झालं की ते गेलं, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. गिरगावातला गॅरेजवाला डिपस्टिक ओढतो, तेल बोटांत चोळून बघतो, वास घेतो आणि निकाल देतो, "संपलं हे, बदलून टाका." या निकालात काहीच तथ्य नाही असं नव्हे. तेलात पेट्रोल उतरलं असेल तर ते नाकाला कळतं. आणि बोटाला धातूचा कीस लागत असेल तर प्रयोगशाळेपर्यंत जायची गरजच उरत नाही. रंगाच्या बाबतीत मात्र बोट हमखास फसतं. डिझेल इंजिनातलं तेल काळं होतं ते काजळी पोटात घेतं म्हणून, आणि ती पोटात घेणं हेच त्याचं काम. खरी काळजी करायची ती तेल स्वच्छ आणि टॅपेट कव्हरखाली गाळ, अशी अवस्था असेल तेव्हा.

हा फरक ज्यांना रोज पाहावा लागतो त्यांत रेल्वेवाले आले. भायखळ्याचा कारखाना जीआयपी रेल्वेने १८७९ मध्ये परळला हलवला. वाफेची इंजिनं गेल्यावर त्याच परळ वर्कशॉपात डिझेल इंजिनांची मोठी ओव्हरहॉलिंग होऊ लागली. रोजची देखभाल कुर्ला, कल्याणसारख्या डिझेल शेडमध्ये. डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन म्हणजे सोळा सिलिंडर आणि २६०० अश्वशक्ती. असं इंजिन घाटात बसलं तर मागची सगळी वाहतूक अडते, त्यामुळे तेल 'बाद' करायचं की चालवायचं हे नुसत्या किलोमीटरवर सोडून भागत नाही. शेडमधली प्रयोगशाळा ते नमुना बघून सांगते.

पहिली तपासणी अगदी साधी. तापलेल्या पत्र्यावर तेलाचा थेंब टाकायचा. तडतडला तर पाणी आहे. मग टीपकागद. त्यावर थेंब सोडायचा आणि पसरू द्यायचा. तेलात दम असेल तर काळपटपणा मधून कडेपर्यंत सावकाश फिकट होत जातो. दम संपला असेल तर मधोमध घट्ट काळा ठिपका बसतो आणि भोवती नुसत्या तेलाचं पिवळसर कडं उरतं. तेलातलं डिस्पर्संट काजळीचे कण एकमेकांपासून दूर ठेवतं. ते संपलं की कण गोळा होतात, फिल्टर आणि तेलाच्या बारीक वाटा चोंदतात, आणि बेअरिंग कोरडं पडतं. गाळ आणि झीज ही दोन वेगळी दुखणी नव्हेत. बऱ्याचदा पहिल्यातूनच दुसरं होतं.

झीज मोजायला स्पेक्ट्रोमीटर लागतो. ही रीत रेल्वेचीच. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने १९४० च्या दशकात वापरलेल्या तेलातले धातू अशा प्रकारे मोजायला सुरुवात केली. तेल ज्वाळेत किंवा ठिणगीत जाळलं की प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा प्रकाश देतो, आणि त्यावरून दशलक्ष भागांत किती भाग ते कळतं. तांबं, शिसं, कथील वाढलं तर संशय बेअरिंगवर. क्रोमियम असेल तर बहुधा रिंगा किंवा लायनर. सिलिकॉन म्हणजे एअर फिल्टरमधून आलेली धूळ. सोडियम किंवा बोरॉन दिसलं तर कूलिंगचं पाणी कुठून झिरपतंय ते शोधा. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. गेल्या नमुन्यापेक्षा तो किती चढला ते बघायचं. शिवाय या यंत्राला काही मायक्रॉनपलीकडचे मोठे कण नीट दिसत नाहीत, म्हणजे बेअरिंगचे टवके उडत असतानाही अहवाल निर्मळ येऊ शकतो. ही उणीव भरायला १९७० च्या दशकात फेरोग्राफी आली. तिच्यात चुंबकाने लोहकण काचेवर ओढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

रेल्वेच्या तेलाची एक गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. मोटारीच्या तेलात झीज रोखायला जस्ताचं संयुग घालतात, झेडडीडीपी. ईएमडी कंपनीच्या बनावटीच्या रेल्वे इंजिनांच्या काही बेअरिंगांवर चांदीचा थर असतो आणि हे संयुग चांदी खातं. म्हणून त्यांना जस्त नसलेलंच तेल लागतं. मोटारीचा रक्षक तिथे वैरी ठरतो.

परळहून पूर्वेला शिवडीत भारत पेट्रोलियमचं तेलांवरचं विकास केंद्र आहे. ही कंपनी मूळची बर्मा शेल, १९७६ मध्ये सरकारने घेतली. अशा वंगणाच्या प्रयोगशाळांतली ठरलेली चाचणी चार गोळ्यांची. तीन पोलादी गोळ्या तेलात घट्ट धरायच्या आणि चौथी वरून फिरवायची: ४० किलोचा भार, मिनिटाला १२०० फेरे, ७५ अंश सेल्सिअस, तासभर. मग गोळ्यांवरचा झिजेचा डाग मिलिमीटरमध्ये मोजायचा. जाहिरातींना हा आकडा फार आवडतो. माझं मत असं, की त्यावरून तेल विकत घेऊ नये. गोळीवर छोटा डाग पाडणारं तेल कॅमशाफ्ट वाचवेलच असं नाही.

त्यासाठी खरं इंजिनच चालवावं लागतं, आणि गाळ तपासायलाही. गाळाच्या 'सिक्वेन्स व्हीजी' या अमेरिकी चाचणीत ४.६ लिटरचं फोर्ड व्ही-८ इंजिन २१६ तास चालवायचे. वेग, भार, तापमान आलटूनपालटून, बराचसा वेळ थंड. मग इंजिन खोलून प्रशिक्षित परीक्षक भागांना दहापैकी गुण देत, तेही डोळ्यांनी बघून. इतक्या खर्चाच्या चाचणीचा निकाल शेवटी माणसाच्या नजरेवर! गिरगावच्या गॅरेजवाल्याला हे सांगायला हवं.

थंड इंजिनच का, तर इंधन जळून झालेली वाफ थंड भिंतींवर पाणी होऊन तेलात उतरते. अर्धवट जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तिला मिळाली की चिकट गाळ तयार. मुंबईकराची स्कूटर नेमकी अशीच चालते. गिरगावातून दादर, मध्ये लालबागचा खोळंबा, पावसाळाभर ओल. तेल पुरतं तापायच्या आत गाडी बंद. ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर दिसतो तो यामुळेच.

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर गेली तेव्हा काजळी जवळपास थांबली आणि तेल बराच काळ सोनेरी राहू लागलं. चालकांनी त्याचा अर्थ 'अजून चालेल' असा लावला तर नवल नाही. पण गॅसवर तेलाला ताप जास्त होतो, नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी ते आतून घट्ट होत जातं, आणि यातलं काहीच रंगावर दिसत नाही. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. सीएनजी रिक्षा, टॅक्सी आणि बस आहेतच.

गाडीच्या पुस्तिकेत तेलबदलाचे दोन तक्ते असतील तर दुसऱ्यावर 'खडतर वापर' असं लिहिलेलं असतं. ते वाचून आपल्याला लडाख आठवतं. त्याखालची यादी वाचावी: छोट्या फेऱ्या, सतत थांबणं, इंजिन चालू ठेवून उभं राहणं, धूळ. गिरगाव ते दादर जाणाऱ्याने त्याच तक्त्याप्रमाणे तेल बदलावं.