शाईंतील द्रव्य व निर्यातीचा परवाना

ज्या लेखणीनें आमचे विद्यार्थी परीक्षेच्या उत्तरपत्रिका लिहितात, तिच्या शाईविषयीं सहसा कोणी विचार करीत नाहीं. कांहीं बॉलपेनांच्या शाईंत व कापडाच्या रंगकामांत थायोडायग्लायकॉल नांवाचा एक दाटसर, बिनरंगी द्रव वापरतात. रंग विरघळविण्याचें काम तो उत्तम करितो. हें नांव शालेय पुस्तकांत बहुधा आढळावयाचें नाहीं. परंतु अनेक सरकारांच्या एका विशेष यादींत तें ठळकपणें नोंदलेलें आहे. कारण असें कीं, याच द्रवापासून थोड्या खटपटीनें 'मस्टर्ड' नांवाचा विषारी वायु तयार होतो. १९१७ सालीं बेल्जममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्यानें तो प्रथम रणांगणावर सोडला. त्यानें कातडीवर फोड येतात, डोळे जातात व फुप्फुसें आंतून जळतात.

अशा वस्तूंस दुहेरी उपयोगाच्या वस्तु म्हणतात. तोफा व दारूगोळा यांच्या निर्यातीवर सरकारचा ताबा असावा, हें कोणासही पटेल; तोफेनें कोणी शेत नांगरीत नाहीं. खरी अडचण दुहेरी वस्तूंची आहे. त्यांची निर्यात सरसकट बंद केली तर प्रामाणिक रंगाऱ्याचा धंदा बुडतो. सरसकट मोकळी सोडली तर काय होतें, तें हलब्जा येथें दिसलें.

हलब्जा हें इराकमधील, इराणच्या सरहद्दीजवळचें, कुर्द लोकांचें गांव. १९८० पासून त्या दोन देशांत युद्ध चालू होतें, आणि त्यांत विषारी वायु वापरला जात असल्याचें संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीं १९८४ सालींच पाहून सांगितलें होतें. १९८८ च्या मार्च महिन्याच्या १६ तारखेस इराकी विमानांनीं या गांवावर विषारी वायूंचे बाँब टाकले. सुमारें ५,००० माणसें मेलीं. त्यांत आया होत्या, त्यांचीं लेंकरें होतीं. वांचलेल्यांपैकीं कित्येकांना श्वासाचे व डोळ्यांचे विकार जन्माचे जडले. १९२५ च्या जिनीव्हा करारानें अशा वायूंचा युद्धांत उपयोग करण्यास मनाई केली होती. पण त्यांचा कच्चा माल विकण्यास त्या करारांत कांहींच अडथळा नव्हता. इराकनें हा माल पुष्कळसा परदेशांतून विकत आणला होता.

१९८५ सालीं ऑस्ट्रेलियाच्या पुढाकारानें १५ राष्ट्रांचे प्रतिनिधि ब्रुसेल्स येथें जमले. एका देशानें जें रोखावें तें दुसऱ्यानें विकावें, असा प्रकार तोंवर चालला होता. यांतून 'ऑस्ट्रेलिया गट' निर्माण झाला. त्याच्या पाठीशीं बंधनकारक करार असा नाहीं. सर्वांनीं एकच यादी पाळावी आणि एकानें नाकारलेला परवाना दुसऱ्यानें परस्पर देऊं नये, एवढा संकेत आहे. यांत आज चाळिसांहून अधिक सभासद आहेत.

आमचा देश मात्र पुष्कळ वर्षें या कुंपणाच्या बाहेर उभा होता. १९८० नंतरच्या दशकांत हवामानाचे अंदाज वर्तविण्यासाठीं भारतानें अमेरिकेकडे क्रे जातीचा महासंगणक मागितला. ढगांचें गणित करणारें यंत्र अणुबाँबचेंही गणित करूं शकेल, या भीतीनें अमेरिकेनें अधिक शक्तीचें यंत्र नाकारलें व पुष्कळ अटी घालून कमी शक्तीचें दिलें. ज्या देशाची शेती पावसाकडे डोळे लावून बसते, त्यास ही गोष्ट झोंबावी हें साहजिक होय. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि श्रीयुत विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथील मंडळींनीं १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. पुणेकरांस त्याचा अभिमान वाटतो, तो योग्यच आहे. तथापि अमेरिकेचा संशय निव्वळ आकसाचा होता, असें आम्हांस म्हणवत नाहीं. १९७४ सालीं पोखरण येथें आपण अणुस्फोट केला होता. परवाना देणाऱ्यास समोरच्याचें मन दिसत नाहीं, कागद तेवढा दिसतो.

२०१८ च्या जानेवारींत भारत ऑस्ट्रेलिया गटाचा सभासद झाला. ज्याला इतर देश प्रश्न विचारीत, तोच आतां विचारणाऱ्यांत बसला. आपल्या यादीचें नांव 'स्कोमेट'. अंबरनाथ किंवा तारापूर येथील एखाद्या कारखानदारास तिच्यांतील रसायन न्हावा-शेवा बंदरांतून परदेशीं धाडावयाचें झाल्यास त्यानें दिल्लीस विदेश व्यापार महासंचालकांकडे अर्ज करावा लागतो. माल शेवटीं कोण वापरणार व कशासाठीं, याचें खरेदीदाराच्या सहीचें लेखी पत्र जोडावें लागतें. मग निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी एकत्र बसून तें तपासतात. चार हौद असलेल्या रंगशाळेनें चाळीस हौदांचें द्रव्य कां मागविलें? खरेदीदार एका देशांतला, आणि माल उतरणार तिसऱ्याच बंदरांत, तो कां? या चौकशीचा कारखानदारांस कंटाळा येतो, आणि तो आम्ही समजूं शकतों.

पण खरेदीदारानें पत्रांतच खोटें लिहिलें तर? अथवा विकणाऱ्यानें जाणूनबुजून डोळेझांक केली तर? यासाठीं २००५ च्या एका भारतीय कायद्यानें असें ठरविलें आहे कीं, महासंहारक अस्त्रासाठीं वस्तु जात आहे हें ठाऊक असतां ती पाठविणें हाच गुन्हा होय, मग ती यादींत असो वा नसो.

त्याच वर्षीं हॉलंडमध्यें असाच एक खटला चालला. फ्रान्स फान आनराट या डच व्यापाऱ्यानें हजार टनांहून अधिक थायोडायग्लायकॉल इराकला पुरविलें होतें. १९८९ सालीं त्यास इटलींत अटक झाली होती. सुटतांच तो इराकला पळाला आणि २००३ सालच्या युद्धापर्यंत तेथेंच राहिला. माल कापडाच्या धंद्यासाठीं जात आहे असा आपला समज होता, हें त्याचें म्हणणें. न्यायालयानें तें मानलें नाहीं. वंशसंहारास साह्य केल्याच्या आरोपांतून तो सुटला. परंतु युद्धगुन्ह्यांस साह्य केल्याबद्दल त्यास १५ वर्षांची कैद झाली. अपिलांत २००७ सालीं ती १७ वर्षांची झाली, आणि खटला फार लांबला म्हणून २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तींतून सहा महिने कमी केले. हलब्जाच्या घटनेस तेव्हां २१ वर्षें झालीं होतीं.