गुडघ्यामागची गाठ आणि दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया

मिस्साबलिदानात गुडघे टेकताना किंवा रोजरीच्या प्रार्थनेसाठी जमिनीवर मांडी घालून बसताना गुडघ्याच्या मागे काहीतरी दाटल्यासारखे वाटते, अशी तक्रार आपल्या धर्मग्रामांतील वडीलधारी मंडळी पुष्कळदा करीत असतात. हात लावून पाहिले तर तेथे लिंबाएवढी किंवा अंड्याएवढी गाठ लागते. ‘गाठ’ हा शब्दच असा आहे, की तो उच्चारताच मनात कर्करोगाची भीती उभी राहते. त्या भीतीपोटी काही जण डॉक्टरांकडे जाण्याचेच टाळतात, तर काही जण तेल लावून, चोळून ती जिरवू पाहतात. हे दोन्ही मार्ग हिताचे नाहीत. म्हणून या व्याधीची आणि तिच्यावरील आधुनिक उपचारांची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

गाठ कशी तयार होते?

आपल्या गुडघ्याच्या सांध्यात वंगणासारखे काम करणारा थोडासा द्रव असतो. सांध्याला इजा झाली किंवा सूज आली, की हा द्रव प्रमाणाबाहेर तयार होऊ लागतो. गुडघ्याच्या मागे, आतल्या बाजूस, दोन स्नायूंच्या मध्ये एक लहानशी पिशवी असते. अनेकांच्या सांध्यातून या पिशवीकडे जाणारी एक चीर असते आणि तिच्या तोंडाशी पडद्यासारखी घडी असते. विहिरीवरच्या पंपाला असलेल्या झडपेप्रमाणे ती काम करते. द्रव सांध्यातून पिशवीत जातो, परंतु सहजासहजी परत येत नाही. पिशवी फुगत जाते व बाहेरून गाठ दिसू लागते. पाय सरळ केला की ही गाठ टणक लागते आणि गुडघा वाकवला की मऊ होते.

डब्लिन येथील डॉ. रॉबर्ट ॲडम्स यांनी 1840 मध्ये अशा गाठीचे वर्णन केले होते. पुढे 1877 मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद विल्यम मोरँट बेकर यांनी तिचा गुडघ्याच्या आतील विकाराशी असलेला संबंध स्पष्ट केला. तेव्हापासून ती ‘बेकर्स सिस्ट’ या नावाने ओळखली जाते. प्रौढांमध्ये गाठ हा बहुधा मूळ आजार नसतो. फाटलेली मेनिस्कस, म्हणजे सांध्यातील चंद्रकोरीच्या आकाराची गादी, सांध्याची झीज किंवा संधिवात यांपैकी काहीतरी आत घडत असल्याची ती खूण असते. लहान मुलांमधील अशा गाठी मात्र बहुधा काळाच्या ओघात आपोआप जिरतात.

मालीश करण्यापूर्वी

कोल्हापूर ही तालमींची नगरी. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारून कुस्तीला राजाश्रय दिला. मुरगळलेला पाय वस्तादांकडून चोळून घेण्याची रीत येथे घरोघरी परिचयाची आहे. गुडघ्यामागच्या गाठीच्या बाबतीत मात्र सावध राहावे. कधीकधी ही गाठ आतल्या आत फुटते, द्रव पोटरीत उतरतो आणि पोटरी एकाएकी सुजून दुखू लागते. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असता नेमकी हीच लक्षणे दिसतात. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकते. दोन्हींतील फरक नुसत्या नजरेने ओळखता येत नाही, त्यासाठी डॉप्लर सोनोग्राफी करावी लागते. म्हणून अचानक सुजलेली पोटरी कधीही चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

गाठ दुखत नसली तरी एकदा तपासून घ्यावी. क्वचित प्रसंगी धमनीला आलेला फुगा किंवा खरोखरीची अर्बुदेही याच जागी आढळतात. सोनोग्राफीने गाठीत द्रव आहे की नाही हे कळते, तर एमआरआयने सांध्याच्या आतील बिघाड दिसतो.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

त्रास न देणाऱ्या गाठीला उपचारांची गरज नसते. दुखत असल्यास विश्रांती, औषधे, व्यायाम, वजनावर नियंत्रण आणि मूळ संधिवातावरील उपचार यांनी पुष्कळांना आराम पडतो. सुईने द्रव काढून स्टिरॉइडचे इंजेक्शन देता येते, परंतु सांध्यातला बिघाड तसाच राहिला तर पिशवी पुन्हा भरते.

पूर्वी गुडघ्याच्या मागे मोठा छेद घेऊन गाठ कापून काढीत. त्या जागी पायाची मुख्य धमनी, शीर आणि मज्जातंतू अगदी जवळजवळ असतात. शिवाय आतला बिघाड कायम राहिल्यास गाठ पुन्हा उद्भवत असे. दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियेत, म्हणजेच आर्थ्रोस्कोपीत, पेन्सिलीपेक्षाही बारीक दुर्बीण लहान छिद्रातून सांध्यात घातली जाते. समोरील छिद्रांतून फाटलेली गादी शिवतात किंवा तिचा फाटका भाग काढतात. मग आतल्या बाजूने मागील चिरेपर्यंत पोहोचून झडपेसारखी घडी काढून टाकतात आणि वाट रुंद करतात. त्यामुळे द्रव दोन्ही दिशांनी वाहू लागतो. काही शल्यविशारद पिशवीचे अस्तरही काढतात, तर काही ते तसेच ठेवतात. छेद लहान असल्याने वेदना कमी होतात व रुग्ण लवकर चालू लागतो. तरीही जंतुसंसर्ग, रक्तस्राव, मज्जातंतूला इजा, शिरेत गुठळी आणि गाठ पुन्हा होणे हे धोके पूर्णपणे टळत नाहीत.

या तंत्राचा उगम आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. जपानी लोकही आपल्याप्रमाणेच जमिनीवर बसणारे. क्षयरोगाने गुडघा आखडला तर त्यांचे बसणे-उठणेच अवघड होई. म्हणून रोग वेळीच ओळखता यावा यासाठी टोकियोचे डॉ. केंजी ताकागी यांनी 1918 मध्ये मूत्राशय तपासण्याच्या दुर्बिणीने एका मृतदेहाचा गुडघा आतून पाहिला. त्यांचे शिष्य डॉ. मासाकी वातानाबे यांनी 1962 मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने मेनिस्कसचा फाटका भाग काढला.

मात्र प्रत्येक दुखऱ्या गुडघ्यात दुर्बीण घालणे योग्य नव्हे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे 180 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. झीज झालेला गुडघा दुर्बिणीतून नुसता धुऊन वा खरवडून मिळणारा आराम हा केवळ वरवर छेद दिलेल्या रुग्णांच्या आरामाहून अधिक नव्हता, असे त्यात आढळले. म्हणून शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न नम्रपणे अवश्य विचारावेत: माझ्या गुडघ्यातील मूळ बिघाड कोणता? शस्त्रक्रियेने तो दुरुस्त होणार आहे का? शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल?

खर्चाच्या चिंतेने तपासणी लांबणीवर टाकू नये. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, अर्थात आपले सीपीआर, येथील अस्थिरोग विभागात प्रथम दाखवता येते. शस्त्रक्रिया ठरल्यास ती शासनाच्या आरोग्य योजनेत बसते की नाही, हे योजनेतील रुग्णालयांमधील आरोग्यमित्रांकडे विचारावे. आपल्या घरात कोणी वडीलधारे गुडघ्यामागची गाठ लपवून लंगडत असतील, तर त्यांना धीर द्यावा आणि स्वतः सोबत जाऊन डॉक्टरांना दाखवावे. एकटे जाण्याची भीती सोबतीने निम्मी होते.