गायी मोजायला निघालेली माणसं

१९७९ साली ब्रिटनमधून 'लार्ज ब्ल्यू' हे निळं फुलपाखरू नाहीसं झालं. ते वाचावं म्हणून काही माळांना आधीच कुंपण घालून गुरांना मज्जाव केला होता. नेमकं तेच अंगाशी आलं. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञानं कोडं उलगडलं. या फुलपाखराची अळी एका विशिष्ट लाल मुंगीच्या वारुळात वाढते आणि त्या मुंगीला उन्हानं तापलेली जमीन लागते. १९५० च्या दशकात ससे साथीच्या रोगानं मेले, गुरांची चराईही थांबली, गवत वाढलं, जमीन गार पडली. मुंग्या गेल्या, मागोमाग फुलपाखरूही गेलं. १९८३ पासून स्वीडनमधून आणून ते पुन्हा वसवलं. ग्लॉस्टरशरच्या रॉडबरो कॉमनवर २०१९ मध्ये सुमारे ११०० अळ्या सोडल्या, पण त्याआधी काही वर्षं गायींची चराई बेतशीर करून माळ तयार करावा लागला.

म्हणून आज इंग्लंडमधल्या कितीतरी राखीव क्षेत्रांत गायी मुद्दाम सोडलेल्या दिसतात. केंब्रिजशरच्या विकन फेन या दलदलीत लांब केसांच्या हायलँड गायी आहेत, तर लंडनलगतच्या एपिंग फॉरेस्टमध्ये लाँगहॉर्न. यंत्रानं गवत कापलं तर सगळं एका उंचीचं होतं. गाय जिभेनं वेढा घालून गवत उपटते, कुठे झुबका ठेवते, कुठे जमीन उघडी पाडते. खुरांच्या खळग्यांत बी रुजतं आणि शेणावर किडे जगतात. त्या किड्यांसाठीच अशा कळपांना जंतांचं औषध सरसकट देत नाहीत, कारण काही औषधं शेणात उतरून किड्यांना मारतात.

पण गाय सोडली की तिची जबाबदारी आली. २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानं जनावराच्या गरजा भागवणं हे पाळणाऱ्याचं कर्तव्य ठरवलं आहे. एका वनरक्षकाच्या हाती चार-पाच क्षेत्रं असतात, गायींचा मालक दूर राहतो. मग रोज पाहणार कोण? इथे स्वयंसेवक येतात: निवृत्त शिक्षक, नोकरदार, जवळच राहणारी माणसं. आठवड्यातला एक वार वाटून घेतात, प्रशिक्षण घेतात आणि पावसापाण्यात निघतात. ही पद्धत जुनी आहे. केंटच्या रॉम्नी मार्शमध्ये हिवतापाच्या भीतीनं मालक राहत नसत, मेंढ्यांवर पगारी 'लुकर' म्हणजे राखणदार नेमत. ब्रायटनची नगरपालिका आज तोच वसा घेतलेल्या स्वयंसेवकांना मेंढ्यांच्या देखरेखीसाठी तयार करते.

काम दिसतं सोपं. आधी डोकी मोजायची. झुडपात बसलेली एखादी सुटते, म्हणून आकडा जुळेपर्यंत हिंडायचं. मग लांबूनच पाहायचं. कोणी कळपापासून फटकून उभी आहे का? बसलेली रवंथ करते आहे का? न्याहाळत उभं राहिलं की गायी उठतात, आळस देतात, आणि तेव्हाच लंगडणारा पाय कळतो. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, पातळ शेणानं भरलेली शेपटी, फुगलेली डावी कूस, यातलं काहीही दिसलं तर कानातल्या बिल्ल्याचा नंबर टिपून लगेच फोन. उपचार स्वयंसेवकानं करायचे नाहीत. शेवटी पाण्याचा हौद, कुंपणाची तार आणि कोणीतरी उघडं टाकून गेलेलं फाटक.

आता गळ्यात जीपीएसचे पट्टे आले. काही ठिकाणी कुंपणच नाही, हद्द आली की पट्टा आवाज करतो आणि तरीही गाय पुढे गेली तर हलका झटका देतो. गाय कुठे आहे हे पट्टा सांगतो. ती काल चरत होती तशी आज चरते आहे का, हे रोज पाहणाऱ्याच्याच लक्षात येतं. हे कसब आपल्या गुराख्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि आपण मात्र त्यांना जंगलाचे शत्रू ठरवून मोकळे होतो. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात १९८२ मध्ये चराई बंद केली. पुढे मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यासक संस्थेच्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की म्हशी गेल्यावर गवत बेसुमार माजून पाणपक्ष्यांची जागा आक्रसली. अतिचराईनं माळ उजाड होतात, हे खरंच आहे. पण किती गुरं, कोणत्या महिन्यात, हे ठरवताना गुराख्याला बैठकीत बसवलंच पाहिजे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आपल्या भागातल्या वाइल्डलाइफ ट्रस्टकडे या कामाची चौकशी जरूर करा, गुरांचा अनुभव नसला तरी बहुतेक ठिकाणी शिकवतात. आणि अशा माळावर कुत्रा फिरवायला नेलात तर तो साखळीला ठेवा, त्याची घाण उचला, कारण तिच्यातल्या एका परजीवीमुळे गाय गाभ टाकू शकते. गायी अंगावर आल्याच तर मात्र साखळी सोडून द्या. त्यांचा रोख कुत्र्यावर असतो आणि तो तुमच्यापेक्षा वेगानं पळतो.